शेवटच्या रिळातली पाठ

"तोंड बंद ठेवणार असाल, तरच गाडीत बसा," सून म्हणाली. एका हाताने तिने मागचं दार धरलं होतं आणि दुसऱ्या हातात माझ्यासाठी खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट.

"मला खोकला नाही," मी म्हटलं.

"माहितीये. बोलावंसं वाटलं की एक तोंडात टाकायची."

लग्न होऊन आली तेव्हा हिला माझ्यासमोर मीठ मागायलाही घाम फुटायचा. चौदा वर्षं माझ्या हाताखाली काढली, आता माझंच शस्त्र माझ्यावर चालवते. मी पाकीट घेतलं आणि बसले.

"आणि आई, पाहुण्यांना 'तो' म्हणायचं नाही. 'ते' म्हणायचं."

"मी कुणाला 'तो' म्हटलं?"

"परवा डोळ्यांच्या डॉक्टरांना म्हणालात. त्यांच्या तोंडावर."

खरं आहे. अहो-जाहो माझ्या जिभेवर बसत नाही. बँकेचा साहेब असो की शाळेचा हेडमास्तर, मला सगळे 'तो'. उभ्या जन्मात एकाच माणसासाठी माझ्या तोंडून 'हे' निघालं, आणि ते माणूस जाऊन आता एकोणतीस वर्षं झाली.

माझा मुलगा जहाजावर असतो. वर्षातून दोन महिने घरी येतो, तोही झोपायला. घर चालतं ते सुनेच्या या गाडीवर. बाहेरून लोक येतात, त्यांना ती सकाळी उतरल्या ठिकाणाहून उचलते आणि दिवसभर किनाऱ्याने फिरवते. एका वेळी एकच कुटुंब, अनोळखी माणसं शेजारी कोंबत नाही. कड्यावरची जागा, खडकातली कमान, जुनं पोस्ट, दीपगृह, आणि शेवटी आमचा दगडी धक्का. निसर्ग बघायला येतात असं म्हणतात, पण निम्मे येतात त्या सिनेमासाठी. छत्तीस वर्षांपूर्वी इथे तो सिनेमा काढला. अजून लोक त्याच्या जागा हुंगत फिरतात. सूनबाईंनी गाडीत एक पाटी ठेवलीये, हातात धरायची, पडद्याची. प्रत्येक ठिकाणी थांबून त्यावर सिनेमातला तेवढा तुकडा दाखवते आणि मग म्हणते, "आता समोर बघा." लोक आधी पाटीत बघतात आणि मग समुद्रात. समुद्र बिचारा दुसऱ्या नंबरावर.

नऊ वर्षं ती हे करतेय. मी एकदाही बरोबर गेले नव्हते. पण सोमवारपासून धक्का बंद होणार होता. दगडांवर काँक्रीट ओतणार, दोन्ही बाजूंना कठडे लावणार. दगड काही परत दिसायचे नाहीत.

"तुमचं एवढं काय आहे त्या धक्क्यावर?" सून आदल्या दिवशी विचारत होती.

"पाय मोकळे करायचेत."

"अंगणात करा की."

मी उत्तर दिलं नाही. मी उत्तर दिलं नाही म्हणूनच तिने मला नेलं असावं. असं सहसा होत नाही ना.

पाहुणे दोघं होते. एक म्हातारा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशात चष्म्याचं घर. बरोबर त्याची लेक, पन्नाशीला आलेली. ती गाडीत बसतानाच म्हणाली, "ताई, आधीच सांगते, बाबा दमवतील तुम्हाला. हा सिनेमा त्यांना पाठ आहे."

"सगळ्यांनाच पाठ असतो," सून हसून म्हणाली.

"नाही हो. यांचं पोट होतं त्याच्यावर. ऑपरेटर होते ते, टॉकीजमध्ये. मशीन चालवायचे."

"चोवीस आठवडे चालला आमच्याकडे," म्हातारा म्हणाला. "रोज तीन खेळ. पाचशे वेळा पाहिलाय मी. सुटीच्या दिवशीही यायचो. बदलीचा माणूस तुटलेल्या रिळाला जोड नीट मारायचा नाही."

"आणि घरी आम्हाला काय म्हणायचे ठाऊक आहे? आवाज करू नका, डोळे थकलेत," लेक म्हणाली.

मी एक गोळी तोंडात टाकली.

कड्यावर सुनेने गाडी उभी केली. खाली समुद्र पसरला होता, शांत, भांड्यातल्या पाण्यासारखा. लांबचं मला म्हणजे नुसता उजेड. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्याची आहे. दुधाच्या पातेल्यातून जग बघितल्यासारखं दिसतं. पण ते मी कुणाला सांगत फिरत नाही. पायरी आली की सून हळूच कोपर धरते आणि मी हळूच सोडवून घेते, असं आमचं चालतं.

"इथे ती पत्र फाडते," सून सांगू लागली.

"तिसऱ्या रिळाचा शेवट," म्हातारा म्हणाला. "कोपऱ्यात ठिपका येतो, दुसरं मशीन चालू करायचं असतं. ती रडते कशी ते मी कधी धड पाहिलंच नाही. ठिपका बघायचा की तिला बघायचं?"

लेक हसली. सूनही हसली, पण मला तिचं हसू ओळखता येतं. ते धंद्याचं नव्हतं.

जुन्या पोस्टाच्या निळ्या दारासमोर लेकीने स्वतःचे फोटो काढून घेतले. मग एका भिंतीच्या आडोशाला सुनेने थर्मासमधला चहा ओतला आणि पाव-अंडी काढली. म्हातारा माझ्या शेजारी बाकावर बसला.

"तुम्ही काही बोलत नाही," तो म्हणाला.

मी सुनेकडे बोट दाखवलं.

"आईंचा आज मौनाचा दिवस आहे," सून म्हणाली. "आम्हाला हा दिवस फार वर्षांनी आलाय."

म्हातारा मान हलवून हसला. "आमचं कामही तसंच. अंधाऱ्या खोलीत एकटं. बोलायचं कुणाशी? आणि गंमत सांगू? मशीनमध्ये सिनेमा उलटा लावतात. डोकं खाली, पाय वर. सुलटा लावलात तर पडद्यावर सगळे उलटे. नवखा माणूस हमखास फसतो."

आमच्या घरातही मोठे खाली आणि धाकटे वर झालेत, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी दुसरी गोळी तोंडात टाकली.

मी का आले होते ते आता सांगते.

त्या सिनेमाच्या शेवटी नायक सगळं सोडून निघून जातो. लांब कोट, कॅमेऱ्याकडे पाठ. धक्क्यावरून टोकाच्या दिव्याकडे चालत जातो, मध्येच खाली वाकतो, परत उभा राहतो आणि जातो. संपला सिनेमा. ती पाठ त्या नटाची नाही. ती आमच्या ह्यांची आहे.

हे धक्क्यावर कामाला होते. कागदावर हुद्दा लांबलचक होता, काम मात्र असं: सकाळ-संध्याकाळ टोकापर्यंत जायचं, दिवा बघायचा, सुटलेले दोर बांधायचे, शेवाळ खरवडायचं आणि कुणाच्या पायात जाईल असं काहीही दिसलं की उचलायचं. खिळे, गळ, पत्र्याचे तुकडे. सगळं डाव्या खिशात. तो खिसा महिनाभरात फाटायचा. शेवटी मी आतून ताडपत्रीचा तुकडा शिवला तेव्हा टिकला.

सिनेमावाले आले तेव्हा तो नट त्या दगडांवरून दोनदा घसरला. घोटा भोपळ्यासारखा सुजला. उजेड चालला होता, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना निघायचं होतं. मुख्य माणसाने इकडेतिकडे बघितलं आणि ह्यांना बोलावलं. उंची तेवढीच, खांदे तेवढेच. कोट चढवला, केसांना कसलंसं तेल फासलं आणि सांगितलं, सरळ चालत जा, मागे बघायचं नाही, थांबायचं नाही. हे चालले. आणि मध्येच थांबले, वाकले. मागून सगळे ओरडले. पण नंतर त्या माणसालाच ते आवडलं.

मग तो ह्यांना बाजूला घेऊन म्हणाला, नटाचा शेवटचा प्रसंग आहे, लोकांना कळलं तर बरं दिसणार नाही. तुम्ही कुठे बोलणार नाही ना? हे म्हणाले, नाही बोलणार. झालं. सही नाही, कागद नाही. मला सांगितलं ते केसांच्या तेलावरून मी खोदून विचारलं म्हणून. "तुला सांगितलं म्हणजे मला स्वतःलाच सांगितल्यासारखं," म्हणाले. "पुढे जाता कामा नये." पोरगं तेव्हा दोन वर्षांचं होतं. ते नऊ वर्षांचं झालं तेव्हा ह्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं.

घरात ह्यांचा एकच फोटो आहे, ओळखपत्रावरचा. बटण गळ्यापर्यंत लावलेलं, चेहरा असा की दात उपटायला बसवलंय. ते माणूस चालताना कसं दिसायचं ते कुठे राहिलंय? त्या सिनेमात. आणि तिथे नाव दुसऱ्याचं.

पोराला मी सांगितलं नाही, सुनेलाही नाही. ती नऊ वर्षं लोकांना धक्क्यावर उभं करून सांगते, "इथे वाकून तो आपल्या मातीला शेवटचा हात लावतो." मातीला म्हणे! धक्का दगडाचा, माती आली कुठून? पण लोक रांगा लावून वाकतात आणि फोटो काढतात. मी स्वयंपाकघरात तिची सकाळची उजळणी ऐकत असते आणि जीभ चावत असते. छत्तीस वर्षं. माझ्यासारख्या बाईने! म्हणून वाटलं, दगड झाकले जायच्या आत एकदा तिथे उभं राहावं. बोलायचं नव्हतंच काही. नुसतं उभं राहायचं.

धक्क्यावर आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सोमवारपासून बंदचा फलक आधीच लावून ठेवला होता. सुनेने माझं कोपर धरलं, या वेळी मी सोडवलं नाही. दगड मला पायांनी ओळखता येत होते. म्हातारा लेकीच्या आधाराने पुढे चालला होता. वाटेत एक जोडपं वाकून फोटो काढत होतं, ते आटोपेपर्यंत आम्ही थांबलो.

मग सुनेने पाटी काढली आणि सुरू केलं, "तर हा तो शेवटचा प्रसंग. नायक इथे येतो, थांबतो, आणि आपल्या मातीला..."

"ताई, थांबा जरा," म्हातारा म्हणाला. "तो नमस्काराला वाकत नाही."

"काका, सगळे तर तसंच म्हणतात."

"म्हणू देत. नमस्कार करताना हात उघडा असतो. हा हात मिटतो. मिटलेलाच डाव्या खिशाकडे जातो. खिशात गेलेला दिसत नाही, तिथे कापून पुढचं चालणं जोडलंय. पण तो काहीतरी उचलतो."

सुनेने पाटीत बघितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा बघतेय असं बघितलं.

"आणि राग मानू नका, पण हा तो नट नव्हे," म्हातारा पुढे म्हणाला. "तो चवड्यांवर चालतो, नाचणाऱ्यासारखा. सबंध सिनेमाभर. हा पाऊल सपाट टाकतो. दगड ओळखीचे असल्यासारखा."

"बाबा, पुन्हा सुरू झालं तुमचं," लेक म्हणाली. "ताई, तीस वर्षं आम्ही हेच ऐकतोय."

"पण त्यांनी स्वतःच केलं होतं, काका," सून म्हणाली. "त्यांची मुलाखतसुद्धा आहे."

"असेल. मुलाखत एकदा छापली, मी हे पाचशे वेळा पाहिलंय." त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. "तो माणूस कोण होता ते आता कोण सांगणार? ते राहू दे. पण त्याने काय उचललं, एवढं तरी कळायला हवं होतं. सगळं आयुष्य लोकांच्या पाठी बघण्यात गेलं माझं, टॉकीजमध्ये आणि पडद्यावर. तेवढी एक पाठ लक्षात राहिली. एवढा मोठा प्रसंग चाललाय, बाजा वाजतोय, आणि हा माणूस मध्येच कामाला लागतो. मला ते फार आवडायचं. म्हणून आलो. बाकी कडा, समुद्र काय, कुठेही असतात."

खाली पाणी दगडांना लागत होतं, चुबुक चुबुक.

मी विचार केला. शब्द दिला होता तो 'कोण' याबद्दल. 'काय' याबद्दल कुणी शब्द घेतला नव्हता. छत्तीस वर्षांत ही फट मला दिसली नव्हती, या परक्या माणसाने दाखवली. कोण ते राहू दे, असं तो स्वतःच म्हणाला होता. मी गोळी गालात सरकवली.

"काच होती," मी म्हटलं. "हिरव्या बाटलीची. त्याच लोकांनी आदल्या दिवशी फोडलेली. बायका-पोरं अनवाणी येतात इथे, कुणाच्या पायात जाईल म्हणून ह्यांनी उचलली."

बोलून गेले आणि मग मला ऐकू आलं मी काय बोलले ते. छत्तीस वर्षं सांभाळलेली जीभ, आणि सापडले दोन अक्षरांत. 'त्याने' म्हटलं असतं तर भागलं असतं. डॉक्टरला म्हणते, हेडमास्तरला म्हणते. पण ह्यांना 'त्याने' म्हणायला तोंड वळायला हवं ना.

"कुणी उचलली?" लेकीने विचारलं.

सुनेच्या हाताची माझ्या कोपरावरची पकड एकदम घट्ट झाली. मग सैल झाली. तिने पाटी वर धरली, तो तुकडा पुन्हा लावला, पुन्हा लावला.

"आई," ती म्हणाली. "ह्यांना माहितीये?"

"तुझ्या ह्यांना नाही. माझ्या ह्यांनी शब्द दिला होता."

"नऊ वर्षं," ती म्हणाली. "नऊ वर्षं मी माझ्याच सासऱ्यांना दुसऱ्याचं नाव देत आले."

म्हातारा माझ्याकडे वळला. आतापर्यंत तो पडद्यावरच्या माणसाला 'तो' म्हणत होता, मीही त्याला मनात 'तो'च म्हणत होते. आता त्याने अगदी हळू विचारलं, "डावखुरे होते?"

"डावखुरे. खिसाही डावाच फाटायचा. मी ताडपत्री लावली होती आतून."

"तरीच," म्हातारा म्हणाला. जुनं कुलूप उघडावं तसा आवाज होता तो. "कोट परका होता, हात घरचाच खिसा शोधत होता."

मग त्यांनी चष्म्याच्या घरातून एक कागदाची घडी काढली. त्यांनी म्हणते आहे मी, हो. त्या माणसाला इथून पुढे मला 'तो' म्हणवत नाही.

"रीळ जुनं झालं की तुटतं," ते म्हणाले. "तुटलं की दोन्हीकडचं थोडं कापायचं आणि जोडायचं. कापलेला तुकडा टाकून देतात. हा मी टाकला नाही. आमच्याकडे शेवटचे चार आठवडे ते वाकणं अर्धंच दिसलं, एकाही प्रेक्षकाने तक्रार केली नाही." घडीत दोन बोटं रुंदीची काळपट पट्टी होती. "अकरा चौकटी आहेत. तुमच्याकडे असू द्या."

"मला कुणाचं फुकट नको," मी म्हटलं. "परतताना घरावरून जायचंय. तेव्हा ह्यांनी घरी आणलेली ती काच डब्यात आहे अजून. ती घेऊन जायची."

"आई, पण..." सून म्हणाली.

"पण काय? छत्तीस वर्षं डबा पुसतेय मी. आता बघणारा माणूस मिळालाय."

ते हसले नाहीत. "पाहायला आवडेल," म्हणाले आणि लेकीचा हात धरून दिव्याकडे निघाले. पाऊल सपाट टाकत, शिकत शिकत. पुढे फोटोवालं जोडपं पुन्हा वाकत होतं. लेक मागे वळून एकदा माझ्याकडे, एकदा बापाकडे बघत होती.

आम्ही दोघीच राहिलो. सून माझ्या शेजारी उभी होती, पाहुण्यांच्या मागे गेली नाही.

"उजेडाकडे धरा म्हणजे दिसेल," ती म्हणाली.

मी पट्टी दोन बोटांत धरली आणि आभाळासमोर नेली. सगळं पांढरं, दुधाळ. त्या पांढऱ्यात एकावर एक काळसर रेघोट्या, खिडकीच्या गजांसारख्या. एखादी रेघ जरा वाकलेली असावी. मी डोळे बारीक केले, मोठे केले. पट्टी जवळ आणली, लांब नेली.

"दिसले बाबा?" सुनेने विचारलं. त्यांना बाबा म्हणायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

"दिसले की. न दिसायला काय झालं?" मी म्हटलं. "खांदा जरा पडलेला आहे डावीकडे. तसाच होता."

सुनेने माझ्या बोटांतून पट्टी अलगद काढून घेतली, डोकं वर येईल अशी फिरवली आणि परत माझ्या हातात दिली.

मी ती पुन्हा उजेडाकडे धरली.